ओट्याखालची माती घेऊन कराडला

गुरुवारी पहिल्या यष्टीनं कराडला निघालो. काखेत मातीची पिशवी, हातात भाकरीचं फडकं. सून म्हणाली, "आबा, एवढ्या उन्हाचं कशाला जाताय? ह्यास्नी धाडा की." माती माझी, तर विचारायला मीच जाणार. मी चौथी शिकलेला माणूस. बघितलं ते लिहितो, गोड करून लिहायला जमत नाही.

काम काय ते आधी सांगतो. घरची (बायको) जाऊन अकरा महिने झाले. मळ्यात जिथं अग्नी दिला तिथंच तुळशीचा ओटा बांधला. आमच्याकडची माती काळी, चिकट. ओटा पावसाळ्यात एका अंगाला कलला. पाडून परत बांधला, परत कलला. मेव्हणा बघून गेला, जाताना बोलला, "आक्काला जित्तेपणी कदी टेकू दिलं न्हाईसा. आता तिचा ओटा बी टेकंना व्हय?" वर्षसराद महिन्यावर आलं, तेवढ्यात गिरणीत ऐकलं, की कराडला कॉलेजात उन्हाचा ताव जमिनीत घालून चिखल घट्ट करतात. सरादाच्या आत ओटा सरळ उभा करायचा, एवढंच डोक्यात होतं.

यष्टीत कंडक्टरनं पिशवी दाबून बघितली.

"आबा, काय हाय ह्यात?"

"माती."

"का, कराडात माती मिळंना झालीया?"

गाडी हसली. पेठनाक्याला गचका बसला, पिशवीचं तोंड सुटलं, नि शेजारच्या पाव्हण्याच्या पांढऱ्या धोतरावर माझं अर्धं शेत सांडलं. त्याचं बरंच ऐकून घेतलं. भांडायची ताकद हल्ली राहिली नाही.

कराड आलं. स्टँडवर चहा घेतला, नुसतं गोड पाणी. कृष्णेच्या पुलावरून चालत पलीकडं गेलो. मागल्या साली खाली संगमावरच रक्षा सोडली होती. खाली बघितलं नाही, कठडा धरून चाललो. ऊन डोक्यात शिरत होतं.

कॉलेजाच्या मागं मोकळ्या जागेत विटांचे दोन हौद होते, दोन्ही काळ्या चिखलानं भरलेले. एका हौदाशेजारी काळ्या रंगाची पत्र्याची पेटी, वर काच. पेटीतलं पाणी उन्हानं तापतं, नळीवाटे चिखलाच्या पोटात जातं, फिरून परत पेटीत येतं. चिखलात जागोजाग वाळूनं भरलेली भोकं. त्यातून मातीतली ओल वर येत होती, घाम फुटावा तशी. तिथल्या मिस्त्रीचं नाव दस्तगीर, माझ्याच वयाचा. म्हणाला, "आबा, एक पाय हितं ठेवा, एक तितं."

तापलेल्या हौदात पाय वर राहिला. दुसऱ्यात घोट्यापर्यंत गेला, वहाण आतच राहिली. ती दस्तगीरनं फावड्यानं काढून दिली.

म्हटलं, खरं आहे तर. पिशवी सोडली. तोवर तिथले सर आले, चष्मेवाले, मऊ बोलणारे. त्यांना ओट्याचं सांगितलं. त्यांनी माती चिमटीत धरली.

"ही चाळली कोणी?"

"मीच. तीन दिवस सावलीत वाळवली, ढेकळं फोडली, सुनेच्या चाळणीनं चाळली." साखर कारखान्याच्या तपासणीला आम्ही सगळे माती तशीच देतो.

दस्तगीर म्हणाला, "ह्यानं आता भांडी घासा."

सर हसले नाहीत. "खताला अशीच लागते बाबा. आम्हाला ओली ढेप लागते, जमिनीत असते तशीच कापलेली. असू दे. ओट्याजवळ पाणी कुठून येतं?"

"उसाला देतो की."

"ऊस किती लांब?"

"लांब कशाचा? सरी वट्याला लागूनच हाय."

दस्तगीर म्हणाला, "म्हंजी वरीसभर तुमीच भिजवताय."

अकरा महिने मी ओट्यापुढं उभा राहून हात जोडत होतो, आणि पाठीमागं पाट (पाण्याची चारी) वाहत होता. एका सरीचा ऊस सुटला नाही माझ्यानं.

सरांनी सरळ सांगितलं. त्यांचं काम अजून तपासणीतच आहे, मळ्यात आणण्याजोगं नाही. आणलं तरी जमीन आधी खचणार, मग घट्ट होणार. आणि शेजारून पाणी चालू राहिलं तर सूर्यानं तरी काय करावं? "ओटा उतरवा. भोवतीचा ऊस काढा, पाणी तोडा. दोन-तीन उन्हाळे जाऊ द्या. मग खोल खणून मुरूम भरा आणि बांधा."

"सराद म्हैन्यावर आलंय, सायेब."

"मातीला तिथी कळत नाही, बाबा."

दुपारी लिंबाखाली दस्तगीरबरोबर भाकरी खाल्ली. त्यानं घरचं कालवण पुढं केलं. म्हणाला, "माजी बी गेली, चार वरसं झाली. आमच्यात कबर लगीच बांदत न्हाईत. माती बसू द्याची. मी मिस्त्री माणूस, मला दम निगाला न्हाई. म्हैन्यात फरशी घातली. खचली. पोरं म्हंत्यात, आब्बा, लोकांची घरं बांदताय आन् अम्मीची फरशी वाकडी."

"मग?"

"मग काय, उचलली. आता मातीच हाय."

दिवस कलताना गावात उतरलो. घरी न जाता मळ्यात गेलो. थोरला पाणी पाजत होता. त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि पाटाचं तोंड बुजवलं.

"आबा, चार सऱ्या वाळतील की!"

"वाळू दे."

हे लिहितोय तेव्हा ओटा उतरवून झालाय. विटा बांधावर रचल्यात, तुळस डब्यात लावलीय. दोन-तीन उन्हाळे मी काढीन की नाही, ठाऊक नाही. सराद उघड्या मातीवरच होईल. मेव्हणा येईल, विचारील, आक्काचा ओटा कुठाय? त्याला कराडचं काही सांगणार नाही. पाणी मी सोडत होतो, एवढंच सांगणार.