डंकन-सान आणि ओलीस ठेवलेली मुलगी

"मी स्कॉटलंडमधल्या एका फितुराचा वंशज," डंकन-सान अशीच स्वतःची ओळख करून द्यायचे. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये, इचिकावात आलो, तेव्हा ते खालच्या मजल्यावर राहायचे. साठी उलटलेले इंग्रजीचे शिक्षक. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे त्यांनीच मला शिकवलं, आणि शिकवता शिकवता घराण्याची गोष्टही सांगितली.

त्यांचा मूळपुरुष मध्ययुगातला एका कुळाचा सरदार. आधी त्यानं इंग्लंडच्या राजाशी इमान राखायची शपथ घेतली. वारं फिरलं तसा स्कॉटलंडच्या राजाला मिळाला, आणि पुढे पुन्हा इंग्रजांना.

"आमच्याकडेही वतनासाठी देशमुख आज आदिलशाहीत, तर उद्या मोगलांकडे," मी म्हटलं. "माझ्या आजोळचेसुद्धा!"

ते खूश झाले. "मग तुम्हाला कळेल. जमीन राखायची तर हे आलंच. मला छळते ती त्याची मुलगी."

पहिल्या शपथेच्या वेळी सरदारानं आठ वर्षांची मुलगी इंग्रजांकडे ओलीस ठेवली होती. ती तिथं असतानाच बापानं बाजू बदलली. पुढे तिचं नाव एकाही कागदात नाही. डंकन-सान वर्षानुवर्षं जुन्या दफ्तरखान्यांना पत्रं लिहीत. उत्तर आलं की पाकीट घेऊन जिना चढत वर यायचे. "किल्ल्याची डागडुजी सापडली, घोडे सापडले. पोरगी नाही!"

"मारलं असेल का हो तिला?"

"असेल. किंवा इंग्रजच होऊन गेली असेल. बाप उलटला हे तिला कुणी सांगितलं, एवढंच मला कळायला हवंय."

पाचव्या वर्षी नवऱ्याला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. मी आनंदानं खाली सांगायला गेले. अभिनंदन करून त्यांनी आमच्या मुलीबद्दल विचारलं, "मुक्ता काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? तिसरीत तर आहे."

डंकन-सान दफ्तरखान्यांची पाकिटं आवरू लागले. मला ते झोंबलं.

संध्याकाळी आम्ही मुक्ताला समोर बसवलं. एरवी ती जपानीतच उत्तर द्यायची. त्या दिवशी मात्र अडखळत मराठीत म्हणाली, "मला माहितीये. बाबा फोनवर बोलत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

नवरा पुढे गेला. आम्ही दोघी तिचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबलो.

डंकन-सान आता नाहीत. आम्ही निघालो त्या दिवशी ते स्टेशनवर आले होते. मुक्तासमोर गुडघ्यांवर बसून तिच्याशी जपानीत काहीतरी बोलले, आणि इतके दिवस न रडलेली ती हुंदके देऊन रडू लागली. गाडी आली. दारं उघडली.

आम्ही ती गाडी सोडली.