दादाच्या सीटची उंची

भिसेगावातल्या त्या सायकलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चालवणारा शेजारी उभा राहिल्याशिवाय तो सीट आवळायचा नाही. सीट कमरेच्या हाडाला लागली की मगच त्याचा पाना फिरायचा.

दादाची गिअरची सायकल नऊ वर्षं पडवीत गंजत होती. ती या सायकलवाल्यानं आठवड्यात चालती केली.

"आता जो चालवायचा त्याला बोलवा."

"दादा वारला," मी म्हटलं.

तो सायकलपाशी वाकला. मग सीटच्या दांड्यावर गंज जिथं संपत होता, म्हणजे दांडा इतकी वर्षं जिथवर नळीत होता, ती रेघ त्यानं बोटानं चाचपली आणि तिथंच सीट आवळली.

"एवढा उंच व्हता बगा."

मी बसून पाहिलं. पाय जमिनीला पुरेनात. सीट खाली घ्या, असं काही माझ्यानं म्हणवेना. सायकल हातात धरूनच घरी नेली.