संग्रहालयातल्या जाळ्याच्या पाच गाठी

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयातल्या पुरातन वस्तूला रायगड जिल्ह्यातल्या एका इसमाने हात लावला. नुसता हात लावला नाही, तर गाठी मारल्या. आणि तो इसम त्या दिवशी माझ्या ताब्यात होता.

मी टूर मॅनेजर. म्हणजे पुढे झेंडी घेऊन चालायचं आणि दर वळणावर मागे वळून डोकी मोजायची. त्या दिवशी माझ्याकडे आगरदांड्याजवळच्या एका गावातली छत्तीस माणसं होती, सगळी मासेमारी करणारी. मांडव्याहून लाँच, मग गेटवे, संग्रहालय आणि संध्याकाळच्या लाँचने परत.

ग्रुपमधले सर्वांत ज्येष्ठ जनार्दन तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. पन्नास वर्षं ते मुंबईत मासळी उतरवायला येत होते, पण धक्क्याच्या पुढे कधी गेले नव्हते. गेटवेच्या कमानीखालून पलीकडे गेल्यावर ते वळले आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"काय काका, आवडलं?"

"म्होरून रोज बघितलाय याला. मागून आज बघितला," ते म्हणाले. "मागूनपन झ्याक हाय."

संग्रहालयात तर सगळे हरखून गेले. बायकांनी दगडी देवांसमोर चपला काढल्या, त्या पुन्हा घालायला लावण्यात माझी वीस मिनिटं गेली. मग आम्ही वरच्या मजल्यावर, कोकण किनाऱ्याच्या दालनात आलो. तिथे एक जुनी होडी आणि तिच्यावर टांगलेलं सुती जाळं. पुढे फक्त एक दोरी. काच नाही.

मी डोकी मोजली. पस्तीस.

छत्तिसावं डोकं दोरीच्या आत होतं. तांडेलकाका मांडी घालून बसले होते. खिशातली जाळं विणायची बांबूची सुई बाहेर आली होती. जाळ्याचाच एक लोंबता धागा घेऊन ते तळहाताएवढं भोक भरत होते.

गार्ड धावत आला. "बाबा, उठा. हात लावायला मनाई आहे."

"थांब जरा. येवढंच राहिलंय."

"अहो, उठा म्हणतो ना."

"फाटकं जाळं टांगून ठेवत न्हाईत. तुझ्या साहेबाला ठाव न्हाय का?"

पाचव्या गाठीवर क्युरेटर मॅडम आल्या. क्युरेटर म्हणजे तिथल्या वस्तूंची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्या. त्यांचा चेहरा पाहून मी सर्वांत आधी माझी झेंडी पाठीमागे लपवली.

"इथे फाटलेलं फाटलेलंच ठेवतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "वस्तू जशी मिळाली तशीच राहिली पाहिजे. मला रिपोर्ट करावा लागेल. तुमच्या कंपनीचे ग्रुप यापुढे आत घ्यायचे की नाही, ते वर ठरेल."

पुढच्या महिन्यात आमच्या अकरा शाळांच्या सहली तिथेच ठरल्या होत्या. त्या गेल्या तर त्यांच्यामागून माझी नोकरीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी कोपऱ्यात जाऊन बॉसना फोन लावला.

"काय केलं त्यांनी? फाडलं?"

"नाही सर. दुरुस्त केलं."

"मग प्रॉब्लेम काय?"

"तोच प्रॉब्लेम आहे, सर."

"मग सोडायला लाव त्या गाठी."

मॅडमचंही तेच म्हणणं पडलं. "काका, तुम्ही मारलेल्या गाठी सोडा. म्हणजे मी रिपोर्टात तसं लिहिते."

"सोडतो की," तांडेलकाका म्हणाले. "माझ्या कुठल्या, तेवढं दाखवा."

मॅडमनी टॉर्च आणली. मग भिंग आणलं. दोरीच्या आत गुडघे टेकून बसल्या. गार्डही वाकला, मीही वाकलो. दहा मिनिटांनी त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं.

"ती जाळं विननाऱ्याचीच. जुनी," काका म्हणाले. "हे जाळं दोघांनी विनलंय. तिकडून बघा, गाठ उजवीकडं वळते. हितून पुढं डावीकडं. हा गडी डावखुरा होता. म्हनून मीपन उलटी गाठ मारली. न्हायतर त्याचं काम बिघडलं असतं."

मॅडमनी भिंग बाजूला ठेवलं. त्यांनी वही उघडली. पुढचा पाऊण तास काका बोलत होते, मॅडम लिहीत होत्या आणि मी घड्याळाकडे पाहत लाँचची वेळ मनात घोळवत होतो. सत्तरीतल्या त्या माणसाने अंधार पडल्यावरही बोटांनी चाचपून ओळखता येतील अशा गोष्टी त्यांना एकेक करून दाखवल्या. बावीस वर्षांत मी अनेक गाईड ऐकले. असा नाही ऐकला.

रिपोर्ट झालाच. नियम तो नियम. पण त्यात लिहिलं गेलं की पाच गाठी जाणकाराने मारल्या असून त्या काढू नयेत. दोन विणकरांची माहिती नोंदीत गेली. सहलीही शाबूत राहिल्या, फक्त एका अटीवर: दोरीच्या आत कोणी जायचं नाही. माझ्यापुरता धडा असा, की संग्रहालयात शिरताना पाण्याच्या बाटल्यांबरोबर खिशातल्या सुयाही विचारून घ्याव्यात.

निघताना मॅडमनी काकांना वाकून नमस्कार केला. दालन कसं गंभीर होऊन गेलं होतं. तेवढ्यात इतका वेळ बाकावर गप्प बसलेल्या काकांच्या बायकोला, हिराबायला, राहवलं नाही.

"घरचं जाळं गनपतीपासून फाटून पडलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आनि ह्यो हितं येऊन सांधतोय."