गुरुवारचा एको

अपाम गावच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एबो हा स्वभावानं वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते पटायचं नाही. कामात चोख, देण्याघेण्यात सरळ, दारू सणासुदीपुरती. फक्त तोंड हाताबाहेर गेलेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. वीतभर मासा किनाऱ्यावर सापडला तर बाजारात पोचेपर्यंत तो हातभर व्हायचा, आणि घरी बायकोला सांगताना तो एबोला समुद्रात ओढून नेऊ लागायचा. बायको, अराबा, पोट धरून हसायची. खरं तर या तोंडावर भाळूनच तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं. दोघंही मंगळवारी जन्मलेली. मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा लोक म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी जन्मलेली जोडी, मजेतच राहणार.

लग्नानंतर तीन वर्षांनी अराबाला दिवस राहिले. अशा वेळी शहाणी माणसं गप्प बसतात. पोट पुढे आलेलं सगळ्यांना दिसतं, पण कोणी बोलून दाखवत नाही. फार तर 'जरा जड झालीय' एवढं म्हणतात. जो अजून आलेला नाही त्याची चर्चा करू नये, त्याला परतीची वाट सापडते, असं म्हातारी माणसं सांगतात. एबोला हे कुठलं जमायला! तो जाळी विणणाऱ्यांत बसून सांगायचा, "तुमच्या बायका आत ओरडत होत्या तेव्हा तुम्ही सगळे गुत्त्यात होतात. मी नाही तसा. मी आत उभा राहणार, बायकोचा हात धरून."

"लेका, तू साधा कोंबडा कापताना डोळे मिटतोस," जोजो म्हणाला. जोजो म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, जाळ्यांचा कारागीर.

"कोंबडा वेगळा, बायको वेगळी."

"ते खरंय. कोंबडा चावत नाही."

पण एबोनं शब्द खरा करायचं ठरवलं. गावातल्या लहानशा प्रसूतिगृहात पुरुषांना आत घेत नसत. अराबानंच नर्सबाईंची मनधरणी केली. नर्सबाई शेवटी म्हणाल्या, "बरं, येऊ दे. पण चक्कर येऊन पडला तर मी उचलणार नाही. मला एका वेळी एकच पेशंट पुरे."

गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. एबो तिला घेऊन गेला, सोबत सासूबाई, बेन्सिवा. मासे धुरात सुकवण्याच्या भट्ट्यांवर आयुष्य गेलेली बाई, डोळे कायम लाल, आणि जावयाबद्दलचं मत त्याहून लाल. त्या बाहेरच्या ओट्यावर बसल्या. एबो आत गेला, खाटेशी उभा राहिला आणि त्यानं अराबाचा हात धरला.

दुपारपर्यंत त्यानं तो धरला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग कळा वाढल्या. अराबाचा चेहरा असा झाला की एबोला तो ओळखूच येईना. जी बाई त्याच्या प्रत्येक थापेवर हसायची, तिचे डोळे छताला लागले होते आणि घशातून जो आवाज येत होता तो माणसाचा वाटत नव्हता. मध्ये एकदा कळ ओसरली तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं. "एबो, सोडू नकोस हं," ती म्हणाली.

पुढची कळ आली आणि एबोनं हात ओढून घेतला. ओढूनच घ्यावा लागला, कारण तिनं घट्ट धरला होता. नर्सबाई पाठमोऱ्या होत्या. मागच्या दारानं तो बाहेर पडला. चप्पलही आतच राहिली.

पाय जिकडे नेहमी जातात तिकडेच गेले. किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या, जाळी पसरली होती. जोजोनं मान वर केली. "काय रे, झालं?"

'नाही' म्हणाला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तू इथं काय करतोयस? एबोला तो प्रश्न ऐकायचा नव्हता. "झालं!" तो म्हणाला.

"काय झालं?"

"मुलगा!"

बस. आमच्याकडे नाव काही शोधावं लागत नाही, माणूस ज्या वारी येतो त्या वाराचं नाव घेऊनच येतो. गुरुवारचा मुलगा म्हणजे एको. जोजोनं हातातलं जाळं फेकलं आणि बोंब ठोकली, "एको आला रे! एबोचा एको आला!" होडीहोडीतून ती बोंब पुढे गेली. कुणी बाटली उघडली. कुणी एबोच्या मानेला आनंदाची पांढरी पावडर फासली. आणि खरी लाजेची गोष्ट अशी की एबोला बरं वाटू लागलं. तिसऱ्या पेल्याला तर त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं. नाक कुणासारखं आहे हेही त्यानं सांगितलं. बापासारखं, म्हणाला.

बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, असा तो प्रकार. पण भट निदान घरात होता.

इकडे मासे विकणाऱ्या बाया गळ्याला पावडर लावून, गाणी म्हणत, नाचत थेट प्रसूतिगृहाच्या दारात. बेन्सिवा ओट्यावर नव्हत्या. आत अराबाला कुणाचा तरी हात हवा होता म्हणून नर्सबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं. गाणं ऐकून त्या दारात आल्या.

"काय गं, कसली गाणी?"

"एकोची!"

"कोणाचा एको?"

बायांचं गाणं तिथंच बंद पडलं. आतून अराबाचा आवाज आला आणि सगळ्यांना कळलं. एकीनं गळ्यावरची पावडर पदरानं पुसली. मग दुसरीनं. जो अजून पोटात आहे त्याला नाव घेऊन हाक मारली होती, तीही मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना. आल्या वाटेनं त्या परत गेल्या.

जोजो एबोजवळ आला तेव्हा ओरडत नव्हता. त्यानं एबोच्या हातातला पेला काढून घेतला. "अजून वेळ आहे म्हणे," एवढंच म्हणाला. त्यानं शिवी दिली असती तर एबोला सोसली असती.

एबो धावत परत गेला, पण आत जायची हिंमत झाली नाही. अंगणातल्या निंबाखाली उभा राहिला. गुरुवार मावळला तरी बाळ येईना. बेन्सिवा एकदाच बाहेर आल्या. "जावईबापू, माझी मुलगी अडलीय. तुझ्या जिभेनं वाट अडवलीय तिची." आणि आत गेल्या.

एबोला ते शब्दशः खरं वाटलं. बायको आणि मूल दोघंही आता जाणार, आणि ती आपण घालवली, हे त्यानं मनात कबूल करून टाकलं. देवाला त्यानं सांगितलं, माझी जीभ घे, वाचा घे, मुका कर. देवानं ते काही मनावर घेतलं नाही. शुक्रवारी उजाडल्यावर आतून बाळ रडलं. मुलगी. शुक्रवारची म्हणजे एफुआ. दोघीही सुखरूप.

तो दाराशी गेला तर बेन्सिवा बाळ घेऊन उभ्या. त्यानं हात पुढे केले.

"तुझा मुलगा तर काल झाला ना? एको. जा, तो शोध आधी. ही शुक्रवारची आहे. ही माझी."

पुढचा आठवडा एबोनं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. डोकोनो, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणारी रोज विचारायची, "एकोला दात आले का रे?" होडीवरचे लोक ओरडायचे, "एकोच्या बापा, एकोला पाठव की जाळं ओढायला!" पोरंटोरंसुद्धा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण थट्टा सोसायला सोपी होती, कारण थट्टा थापेची होती, आणि थापाड्या तर तो पहिल्यापासूनच होता. पळाल्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. का बोलत नाही ते त्याला तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बोलण्यातून कळलं.

"बिचारीनं हातापाया पडून तुला आत घ्यायला लावलं. नर्सबाईंनी बाहेर काढलं तर गप बसावं की नाही ओट्यावर? निघाला गावभर बोंबलत!"

म्हणजे अराबानं तसं सांगितलं होतं. नर्सबाईंनी बाहेर काढलं म्हणून. तिनं त्याला झाकलं होतं.

एबोला वाटलं होतं की लाज काय असते ते आपल्याला कळून चुकलंय. ते खोटं होतं, त्याच्या बाकीच्या गोष्टींसारखं. खरी लाज आता वाटली. तो अराबाशी बोलायला जायचा तर ती बाळाकडे बघायची. "रश्श्यात मीठ कमी आहे," म्हणायची. "दुपटी आणलीस का?" म्हणायची. त्याविषयी अवाक्षर नाही. आणि हसणं तर नाहीच.

राहिला प्रश्न नावाचा. वाराचं नाव दिवस देतो, पण त्यापुढचं नाव बाप देतो. तो बापाचा मान. एबोनं आपल्या मेलेल्या आईचं नाव मनात धरलं होतं, अबोकोमा. बेन्सिवा अडून बसल्या. "ज्या तोंडानं न आलेल्याला हाक मारली त्या तोंडानं माझ्या नातीला नाव ठेवायचं नाही." ज्याला नाव देता येत नाही तो कसला बाप? एबोचे थोरले काका, एसिलफी, म्हणाले, "आठव्या दिवशी बघू."

आठव्या दिवशी, बाळाचं पाहुणेपण संपून ते घरचं होतं तेव्हा, अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलं. उकडून कुस्करलेल्या कंदाचे, वर अंडी लावलेले गोळे थाळ्यांतून ठेवले होते. काकांपुढे दोन पेले, एकात पाणी, एकात दारू. बोट बुडवून बाळाच्या जिभेवर थेंब ठेवायचा आणि सांगायचं, पाणी म्हणशील तर पाणीच असू दे, दारू म्हणशील तर दारूच असू दे. माणसानं जगात आल्यावर शिकायची पहिली गोष्ट ती.

काकांनी बाळाला मांडीवर घेतलं, बोट पाण्यात बुडवलं आणि थांबले.

"एबो, इकडे ये. बस. तोंड उघड."

"काका..."

"उघड! हिच्या आधी तुला शिकवायला हवं. तुझ्या वेळी माझ्या भावानं घाई केली वाटतं."

अंगण खदखदून हसलं. एबो गुडघ्यावर बसला आणि तान्ह्या पोरासारखा त्यानं आ केला. काकांनी तीन वेळा पाणी ठेवलं, तीन वेळा दारू. "पाणी म्हणशील तर पाणीच. दारू म्हणशील तर दारूच. आता सांग, गुरुवारी कोण जन्मलं?"

"कोणी नाही."

"आत्ता कसं! मग किनाऱ्यावर कशाला आला होतास?"

अराबा चटकन म्हणाली, "नर्सबाईंनी बाहेर काढलं होतं त्याला, काका." बोलताना ती बाळाकडेच बघत होती.

लोक अजून हसत होते. इथंच सगळं मिटत होतं. एक हशा, दोन थेंब, आणि एबो सुटला असता. पण ज्या बाईला त्यानं टाकलं होतं ती भरल्या अंगणात, बाळाच्या पहिल्या शिकवणीच्या वेळी, त्याच्यासाठी खोटं बोलत होती. ते त्याला गिळता येईना.

"मला कोणी बाहेर काढलं नाही," तो म्हणाला. "हिचा हात माझ्या हातात होता. सोडू नकोस म्हणाली. मी काढून घेतला आणि पळालो."

हसणं थांबलं. बेन्सिवा मुलीकडे वळल्या. "आणि तू मला सांगितलंस..."

"मग काय सांगू, आई? माझा नवरा मला टाकून पळाला म्हणून सांगू?"

एबोची मान वर होईना. "काका, नाव सासूबाईंनी ठेवावं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत हात त्यांनी धरला. मी त्या लायकीचा नाही."

बायांनी माना डोलावल्या. पोराला अक्कल आली, असं कुणीतरी पुटपुटलं. बेन्सिवांचासुद्धा चेहरा जरा सैल पडला.

"परत?" अराबा म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. "परत काढून घेतोस हात? चारचौघांत मी नालायक म्हणायचं आणि व्हायचं मोकळं! तुझी लायकी विचारली होती का मी? सोडू नकोस म्हटलं होतं. तेवढंच म्हटलं होतं, एबो."

आता पळायला जागा नव्हती. अंगणाला दार होतं, पण जागा नव्हती. काकांनी बाळ पुढे केलं. बेन्सिवा अडवायला आल्या नाहीत. एबोनं आठ दिवसांत पहिल्यांदा मुलीला घेतलं, आणि कसं घ्यायचं ते ठाऊक नसल्यामुळे छातीशी फारच घट्ट धरलं. ती कुरकुरली.

"एफुआ," तो म्हणाला. "एफुआ अबोकोमा."

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले.

तो पुन्हा म्हणाला. आवाज फुटत होता, पण या वेळी मागच्या रांगेपर्यंत गेला. लोकांनी नाव झेललं, बायांनी गाणं उचललं, थाळ्या फिरू लागल्या. जोजोनं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. एबोनं वर पाहिलं. अराबा समोरच उभी होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. बाळाखाली धरलेल्या त्याच्या हातांवर तिची नजर होती, आणि गाणं संपलं तरी ती नजर तिथून हलली नाही.