कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या ह्यांना मी जन्मभर एकाच गोष्टीवरून टोचून बोलले, आणि आज ते नाहीत तरी माझा राग गेलेला नाही. पंचगंगेच्या घाटावर, चार माणसांदेखत, त्यांनी एका कावळ्याला शब्द दिला.

ह्यांच्या आतेभावाचा तो दहावा. भाऊ मोठे धोरणी. मरायच्या आधीच त्यांनी शाहूवाडीकडची भाताची जमीन ट्रस्टमध्ये घालून ह्यांना ट्रस्टी नेमलं होतं. का, तर बायको अडाणी, मुलगी लहान, आणि हे शाळामास्तर, म्हणजे पापभीरू. जमिनीचं उत्पन्न मायलेकींना द्यायचं, आणि त्यांच्या भल्यासाठी लागलंच तर ट्रस्टीनं जमीन विकायचीही मुभा कागदात होती. पुढं सगळं ह्यावरच अडलं.

पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर बसले होते पाच-सहा, पण एक खाली येईल तर शपथ. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असंच मानायचं अशा वेळी. कुणी म्हणालं, "पोरीचं लगीन थाटात करू." नाही. कुणी म्हणालं, "वहिनींना अंतर देणार नाही." तरी नाही. ऊन चढलं, भटजी चुळबूळ करायला लागले. मग हे हात जोडून पुढं झाले. "दादा, तुमचं शेत मी विकणार नाही. कधीच नाही." शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच कावळा आला आणि शिवला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

भाड्याचं घर सोडून जाऊबाई मुलीला घेऊन मलकापूरला भावाकडं राहायला गेल्या. भाऊ बरा होता हो, पण राज्य भावजयीचं. दोन-तीन वर्षांत बाई वाळून गेली. मग तिनं निरोप धाडला : शेत विका, कळंब्याच्या वाटेला दोन खोल्या घेऊन द्या, आम्ही आमचं मीठभाकर खाऊन राहू. मी म्हटलं, चला, बाईला आपलं छप्पर होईल. हे म्हणाले, "नाही."

"अहो, कागदात मुभा आहे ना?"

"कागदात आहे. पण मी शब्द दिलाय."

"कावळ्याला?"

"दादांना," हे म्हणाले आणि जेवणावरून उठले.

जाऊबाईंनी वकिलाकडून नोटीस पाठवली. त्यात वकिलानं लिहिलं होतं की ट्रस्टीचं काम जित्या माणसांचं हित बघायचं असतं. ह्यांनी ती घडी करून ट्रस्टच्या कागदांत ठेवून दिली. मग एक दिवस जाऊबाई स्वतःच आल्या. चहा घेतला नाही, पाट दिला तर त्यावर टेकल्या नाहीत.

"भावजी, मेलेल्याचं ऐकतासा, आणि आमचं जित्याचं न्हाय व्हय? पोरगी मामाच्या घरात दुसऱ्यांची उष्टी काढती. ह्ये बघाय त्यो कावळा आल्ता काय?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. पण मान हलली ती नाहीचीच.

त्यानंतर आमच्या घरातच कुणीतरी राहायला आल्यासारखं झालं. भर दुपारी कौलांवर कावळा ओरडला की ह्यांचा घास हातात राहायचा. परसातल्या भिंतीवर रोज भात ठेवायचे आणि उभे राहायचे, पाखरू येईपर्यंत. एकदा मी मागनं गेले तर कानावर आलं, "विकलं नाही हो दादा. विकलं नाही." शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस! मला रडावं की ओरडावं कळेना. मी आपली आत आले. पण खरं सांगते, त्या दिवसापासून मीही परसात एकटी जायला घाबरायला लागले.

आणि मग कुळकायदा आला. कसेल त्याची जमीन. दादांच्या शेतावरचं कूळ गरीब, बापजाद्यांपासून तिथंच राबणारं. त्याला कोण कशाला नावं ठेवील? जमीन विधवेच्या नावावर असेल तर म्हणे कायद्यात तिला थोडी सवलत होती. ही जमीन ह्यांच्या नावावर होती, ट्रस्टी म्हणून. कचेरीत त्यांनी पुष्कळ खटपट केली. पण शेत गेलं ते गेलंच. बदल्यात जे यायचं ते हप्त्याहप्त्यानं, आणि त्यात दोन खोल्या सोडाच, एक पडवी उभी राहिली नसती.

विकलं नाही, आणि राहिलंही नाही. घ्या!

हे स्वतः मलकापूरला गेले. काय बोलले कोण जाणे, पण मायलेकींना घेऊनच परतले. आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. मी बजावून सांगितलं, "जाऊबाई, हे तुमचंच घर समजा." त्या हसून म्हणाल्या, "व्हय की." कधी भांडल्या नाहीत, कधी जुनं उकरून काढलं नाही. त्या तशा वागल्या त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. वाटायचं, एकदा तरी घसा फोडून शिव्या घाल की बाई!

दुसऱ्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सुतक फिटल्यावर मी त्यांच्या मुलीबरोबर त्या खोल्या आवरायला गेले. दारात उभी राहिले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. देवीची तसबीर जमिनीवर, भिंतीला टेकवलेली. आरसा जमिनीवर. लुगडी खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर. चारही भिंती कोऱ्या. कुठं एक खिळा नाही.

"अगं, खिळे का नाही ठोकले? मी कधी नको म्हटलं होतं?"

मुलगी लुगड्याची घडी घालत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"आई म्हणायची, लोकांच्या भिंतीला भोकं पाडू नयेत."

हे माझ्या मागंच उभे होते.