तात्यांची घरभेट

तात्या गेल्याची बातमी ट्रस्टच्या चिटणीसांनी फोनवर सांगितली आणि त्याच दमात, शोकसभेत ट्रस्टचा विद्यार्थी म्हणून चार शब्द बोला, असंही सुचवलं. मी गेलो, मागच्या रांगेत बसलो आणि नाव पुकारल्यावर मानेनंच नाही म्हणालो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य. पण व्यासपीठावर जो उठेल तो तात्यांना गोरगरिबांचा कैवारी ठरवत होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. इतके आठवडे झाले तरी तो राग उतरत नाही, म्हणून लिहितो आहे.

तात्या निवृत्त मुख्याध्यापक. हुशार पण गरीब मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका ट्रस्टचं काम ते बिनपगारी बघायचे. हात स्वच्छ, हे मीसुद्धा नाकारणार नाही. ट्रस्टच्या खर्चानं त्यांनी कधी साधी रिक्षा केली नाही, ठाण्यातल्या खोपट भागातून भर उन्हात चालत यायचे. पण कोण खरा गरजू आणि कोण ढोंगी, हे आपल्याला उंबऱ्यातच कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यासाठी ते प्रत्येक मुलाच्या घरी जात. त्याला ते घरभेट म्हणायचे, आम्ही पोरं झडती म्हणायचो. आत आले की आधी वर बघणार, पंखा आहे का. मग स्वयंपाकघरात डोकावणार, गॅस आहे की स्टोव्ह... पाणी दिलं तर घेणार नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर ठाण्याच्या कोळीवाड्यात. कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी सरत चाललेली, तरी वडील जाळं घेऊन जायचे आणि मिळेल ते घेऊन आई बाजारात बसायची. ताई, माझी मोठी बहीण, दहावीला शाळेत पहिली आली. तिला सायन्सला जायचं होतं आणि ते ट्रस्टच्या मदतीशिवाय जमणारं नव्हतं. तात्या येणार असं कळलं तेव्हा आईनं घर सारवलं, साहेबांना वास नको म्हणून आदल्या दिवसापासून मासळी शिजवली नाही, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून होतं नव्हतं तेवढं सोनं अंगावर घातलं. वर काकीची पुतळ्यांची माळ मागून आणली. ताई म्हणाली, "आई, अगं मदत मागतोय आपण!" आई तिच्यावरच उखडली. "मोठा मानूस येतंय घरा. त्याच्याम्होरं लंकेची पार्वती होऊन बसू काय?"

आमच्यात पाहुण्याचा मान असाच राखतात. आणि ते सोनं तरी कुठलं आमचं! दर पावसाळ्यात धंदा बसला की ते सराफाकडे गहाण पडायचं, त्यावर घरात तांदूळ यायचा, आणि नारळी पौर्णिमेनंतर कधीतरी सुटायचं. तेव्हा पाऊस लागायचा होता. तात्या आठपंधरा दिवस उशिरा आले असते, तर त्यांना आईचे कान रिकामेच दिसले असते.

त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं. "बाई, अंगावर एवढं सोनं आणि मुलीसाठी मदत मागता? ही मदत गरजूंसाठी असते."

"साहेब, तुमी येनार म्हनून घातलंय," आई म्हणाली. तात्या नुसते हसले आणि चपला घालून निघाले. एक प्रश्न विचारला असता... एकच. आयुष्यभर मुलांना शिकवणाऱ्या माणसाला तो सुचला नाही. ताई त्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला लागली.

तीन वर्षांनी माझी पाळी आली. आई तेव्हा ठिगळाच्या लुगड्यात, बिनसोन्याची, जमिनीकडे बघत बसली. तात्या त्याच घरात, त्याच उंबऱ्यातून आले आणि त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही. उलट आईला म्हणाले, "साधेपणा हीच खरी श्रीमंती, बाई." ताई मोरीपाशी हातांचा डिंक खरवडत उभी होती. मला शिष्यवृत्ती मिळाली, मी इंजिनियर झालो, आणि ट्रस्टच्या प्रत्येक कार्यक्रमात माझं नाव मिरवलं गेलं. ताईचं नाव कोण घेणार? शोकसभेतही कुणी घेतलं नाही.

आई आता वर्तकनगरला माझ्याकडे असते. गेल्या रविवारी बेल वाजली, मतदार यादीचं काम करणारा कुणी मुलगा होता. अनोळखी आवाज ऐकताच आईचे हात कानांकडे गेले. मी घेऊन दिलेल्या कुड्या तिनं काढल्या आणि मुठीत लपवल्या. ती हे नेहमीच करते. गॅसवाला आला तरी करते. मुलगा गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "आई, ते तात्या वारले गं. आता कुणी येणार नाही बघायला."

तिनं मूठ काही उघडली नाही. "त्यांच्या जागी दुसरा आसंलच की रं कोनतरी," ती म्हणाली. "तुजी पोरगी शिकाची हाय ना अजून."