दार न तासणारे बाबल मेस्त

आमच्या नव्या घराच्या पुढच्या खोलीचं दार ऐन एप्रिलमध्ये अडकायला लागलं, म्हणून मी बाबल मेस्तांना निरोप पाठवला. मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. पेडण्याच्या बाजारात त्यांचं नाव काढलं की लोक हसत आणि म्हणत, "बोलवा, पण ते दार तासतील याची खात्री नाही." त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

मेस्त आले. साठी ओलांडलेले, काटक अंगाचे, कानामागे चपटी पेन्सिल. मूळचे गोव्याच्या सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या सातार्ड्याचे, पण पेडण्यात राहून जन्म गेलेला. त्यांनी दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. रंधा पिशवीतच राहिला.

"बाईनू, पावसात ह्या दार अडकला होता?"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे अख्खा पेडणे तालुका मला बाईच म्हणतो. "नाही," मी म्हटलं, "पावसात छान लागत होतं. आत्ताच अडकतंय."

"मगे ह्या दाराचा दुखणा नाय."

लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गात सांगत आले आहे. मग कोरड्या उन्हाळ्यात दार का अडकावं, हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता. मेस्तांनी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून दाखवला. कोपरा काटकोनात नव्हता. दाराच्या वरची फट एका टोकाला दोऱ्याएवढी आणि दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी होती. चौकट जागची सरकली होती.

मग ते घराभोवती फिरले. मी मागोमाग. पुढच्या खिडकीपाशी थांबून त्यांनी भिंतीवर पेन्सिल टेकवली. "प्लास्टराक बारीक बारीक भेगा पडतत, कोळ्याच्या जाळ्यासारक्या. तेंका भियाचा नाय. ही बघा. खिडकीच्या कोपऱ्यातसून तिरकी वर गेली हा, आणि वर जाता तशी रुंद होता. ही चिऱ्यांच्या सांध्यांनी पायऱ्या चढता." खोलीत येऊन त्यांनी गुडघे टेकले. भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये त्यांनी माझ्या यजमानांचं व्हिजिटिंग कार्ड सहज आत सरकवलं.

"घर बांधूच्या आदी हय काय होता?"

उतार होता. मागची बाजू तासून सपाट केली होती आणि निघालेली तांबडी माती पुढे भरली होती. मी हे सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. "म्हणजे अर्धा घर कातळार, अर्धा भरावार. कातळ बसणा नाय, भराव बसता." आणि मग ते वाक्य, जे मी पुढे त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं: "घर बसता बाईनू, पण गप बसणा नाय."

यजमान वैतागले. "दार तासायला बोलावलं, तर यांनी घरच मोडीत काढलं!" मेस्तांना राग आला नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरचे कागद मागितले, चार बोटं रुंद पट्ट्या कापल्या, मला पिठाची खळ करायला लावली आणि भेगेवर तीन ठिकाणी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख घातली. "माझा खरा मानू नकात. कागद फाटलो तर भेग चालता हा. नाय फाटलो तर माका बोलवा आणि गाळी घाला."

मला तो प्रकार फार आवडला. इतकी वर्षं मी मुलांकडून प्रयोग करून घेतले, पण आपल्याच भिंतीवर प्रयोग चालू आहे आणि उत्तर आपल्याला माहीत नाही, ही मजा वेगळी होती. रोज सकाळी चहाच्या आधी मी पट्ट्या बघायला जाई. वरची पट्टी पहिल्यांदा ताणली गेली, मग तिला सुरकुती आली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती मधोमध फाटली. यजमान स्वतःच इंजिनियर शोधायला गेले. खणून बघितलं तर छपराच्या पन्हळीचं सगळं पाणी त्याच कोपऱ्यात भरावात मुरलेलं होतं. पाण्याला लांब वाट काढून दिली, पायाखाली थोडं थोडं खणत काँक्रीट भरलं. घर वाचलं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मेस्तांबरोबर जाण्याची मला चटकच लागली. ते दार बघत, मी वहीत भेगांची चित्रं काढी. ते सगळ्यांना घाबरवत सुटत असं मात्र नाही. मोप्याला विमानतळाजवळच्या एका गृहस्थांची ठाम समजूत होती की विमानांच्या हादऱ्यानं त्यांच्या भिंती फुटल्या. मेस्तांनी सगळं घर पाहिलं, भिंतीवर तळहात फिरवला आणि म्हणाले, "इमानाचो काय एक दोष नाय. प्लास्टर केल्यार पाणी कोणी मारूक नाय, म्हणान ता सुकान फुटला." गृहस्थ जरासे हिरमुसले. विमानाची तक्रार त्यांना सोडवत नव्हती.

खरी कसोटी लागली ती आमच्याच तालुक्यातल्या चोपड्याला. नदीकाठच्या एका भाड्याच्या घरात अंगणवाडी भरत होती. तिथल्या सेविका सुलभाताईंनी मेस्तांना कडी बसत नाही म्हणून बोलावलं. त्या दिवशी मी बरोबर होते. मेस्तांनी कडीला हात लावला, मग मान वर करून खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग पाहिली आणि आधी एकच गोष्ट बोलले, "पोरांका त्या भिंतीकडसून उठवा."

घरमालक शेजारीच राहायचे. ते तावातावानं आले. "तू सुतार मरे! इंजिनीर कधी झालो?"

"नाय झालंय," मेस्त म्हणाले. "म्हणान तर कागद लावतंय."

दोन शनिवार मेस्त स्वतः बसनं चोपड्याला गेले. दुसऱ्या शनिवारी तिन्ही पट्ट्या फाटलेल्या होत्या. मालक म्हणाले, पोरांनीच ओढल्या असतील. मेस्तांनी मग स्टुलावर चढून पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर नव्या पट्ट्या लावल्या. त्याही चार दिवसांत गेल्या. सुलभाताईंनी मालकाची आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण मुलं उचलून देवळाच्या सभामंडपात नेली. जुलैत एका सकाळी, मुलं मंडपात खिचडी खात असताना, त्या खोलीचा नदीकडचा कोपरा खिडकीसकट खाली आला. जिथे मुलं सतरंजीवर ओळीनं बसत, तिथे चिऱ्यांचा ढीग होता.

गावानं मेस्तांचा सत्कार ठरवला. नारळ आला, शाल आली, मेस्त आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते मागच्या पडवीत बसले होते. मी जरा रागानंच विचारलं, "लोक वाट बघत होते. का नाही आलात?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून खाली ठेवली. मग म्हणाले, "शाल घेऊचो माका हक्क नाय, बाईनू."

तिशीत असताना ते डिचोलीला काम करत. तिथल्या एका घरातलं एकच दार त्यांनी एका वर्षात तीनदा तासलं होतं. तिसऱ्या वेळी तर वरून पाचरीसारखा तुकडा कापावा लागला. त्याच वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्यानं हललं आणि मागची भेग त्यांना दिसली. हात आत जाईल एवढी. "म्हटलंय, आपणाक काय? आपला काम दाराचा. परक्याच्या घराक नावा ठेवलंय तर उद्या कोण बोलवतलो? दार लावन दिलंय आणि गेलंय." त्याच पावसात ती भिंत पडली. घरातली सून चुलीपाशी होती. जीव वाचला, उजवा पाय कायमचा अधू झाला. "घर तीनदा सांगी होता, आणि मी तेचा तोंड तासून बंद करी होतंय."

पस्तीस वर्षं ते त्या वाटेनं गेले नव्हते. मी म्हटलं, जाऊया. ते नको म्हणाले. आठ दिवसांनी आपणहून माझ्या दारात आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

डिचोलीला त्याच जागी नवं घर होतं. दार उघडलं ते काठी टेकत आलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी. त्यांना ओळख पटेना. मेस्तांनी हात जोडले. "वहिनीनू, तुमच्या दाराक रंधो मारूक येय होतंय, तो बाबल."

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा आणि उंडे आणले. उंडे म्हणजे गोव्यातले कडक सालीचे गोल पाव, आणि ते चहात बुडवूनच खायचे असतात. मेस्तांचा उंडा तसाच राहिला. त्यांनी सगळं सांगितलं. कॅलेंडर, भेग, आपण गप्प राहिलो ते. सांगताना एकदाही वर पाहिलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेस्त, ती भेग आमकां दिसताली. ती धांपूंक कॅलेंडर हांवेंच लायिल्लें. तुमी सांगलें आसतें तरी आमच्या ह्यांनी आयकूंक नाशिल्लें." भेग झाकायला कॅलेंडर त्यांनीच लावलं होतं, आणि मेस्तांनी सांगितलं असतं तरी त्यांच्या यजमानांनी ऐकलं नसतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना मेस्तांचं ओझं खरोखर उतरवायचं होतं.

मला वाटलं, आता ते सुटले. परतीच्या बसमध्ये मी तसं म्हटलंही. त्यांनी खिडकीबाहेर बघत नकारार्थी मान हलवली.

"आयकणा न आयकणा तेंचा काम. सांगणा माझा काम होता. ता मी करूक नाय."

पुढच्या वर्षी श्रावणात साध्या तापाचं निमित्त होऊन बाबल मेस्त गेले. त्यांच्या लेकानं मला त्यांचा गुण्या देऊ केला. मी घेतला नाही. मला सुतारकाम येत नाही.

मागच्या महिन्यात वास्कोला एका सहकारी शिक्षिकेच्या वास्तुशांतीला गेले होते. फुलांच्या माळा, नव्या रंगाचा वास, पाहुण्यांची गर्दी. तिनं मला हौसेनं खोल्या दाखवल्या. शेवटच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ निघाली होती, वर रुंद होत गेलेली. पंगत बसायची होती. तिची सासू समोरच उभी होती. आज नको, फोनवर सांगू, असं माझ्या मनात आलं.

मी त्या शिक्षिकेचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं आणि सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती माझ्याशी त्यानंतर दिवसभर बोलली नाही.